सिंगापूरहून थायलंडला बसने आणि फेरीबोटीने: नाशिकहून निघणाऱ्यांसाठी मार्गदर्शन

नाशिकहून आग्नेय आशियाच्या सहलीला जाणारी बहुतेक कुटुंबे मुंबईहून विमानाने सिंगापूर किंवा बँकॉक गाठतात आणि एका देशातून दुसऱ्या देशातही विमानानेच जातात. वेळ कमी असेल तर तेच योग्य आहे. परंतु ज्यांच्याकडे दहा-बारा दिवस आहेत आणि ज्यांना दोन देशांमधली हद्द जमिनीवरून आणि पाण्यावरून ओलांडायची आहे, त्यांनी सिंगापूरहून निघावे, मलेशियाचा पश्चिम भाग बसने पार करून लंकावी बेटावर जावे आणि तिथून फेरीबोटीने थायलंडच्या को लिपे बेटावर उतरावे, असे मी आग्रहाने सुचवेन. या एकाच मार्गात सीमा ओलांडण्याचे दोन्ही प्रकार येतात. पहिली सीमा पुलावरची आहे आणि ती रोज लाखो लोक ओलांडतात. दुसरी समुद्रावरची आहे आणि तिथे दिवसातून एक-दोनच बोटी सुटतात.

हा मार्ग सुचवण्यामागे आणखी एक कारण आहे. मलेशियातील लांब पल्ल्याची बससेवा उत्तम आहे, पाट्या रोमन लिपीत असल्यामुळे वाचता येतात आणि तिथे तमिळ समाज मोठा असल्याने शाकाहारी जेवण मिळणे अवघड जात नाही. याउलट थायलंड आणि कंबोडिया यांच्यामधली जमिनीवरची नाकी 2025 मधील लष्करी संघर्षामुळे बंद झाली आणि अनेकांचे ठरलेले बेत कोलमडले. सीमेची परिस्थिती अशी बदलू शकते, म्हणून कोणताही मार्ग निवडला तरी निघण्याच्या आठवड्यात भारतीय परराष्ट्र मंत्रालयाच्या सूचना पाहिल्याशिवाय घर सोडू नये.

प्रवास आखताना एक गोष्ट सतत ध्यानात ठेवावी लागते. अशा प्रवासात दिवसाचा हिशेब किलोमीटरवर मांडला की तो हमखास चुकतो. तो पासपोर्टच्या खिडक्यांवर मांडावा. प्रत्येक सीमेला दोन खिडक्या असतात: एक देश सोडल्याची नोंद करणारी आणि दुसरी पुढच्या देशात प्रवेश देणारी. या दोहोंच्या मधल्या पट्ट्यात आपली जबाबदारी कोणावरही नसते. बस तिथे आपल्यासाठी खोळंबून राहत नाही आणि फेरीबोट तर नाहीच नाही. पुढील सगळे मार्गदर्शन या एका गोष्टीभोवती फिरते.

आधी ऋतू, मग तिकीट

लंकावी आणि को लिपे ही बेटे अंदमान समुद्राच्या बाजूला आहेत. आपल्याकडे पाऊस आणणारा नैर्ऋत्य मोसमी वारा तिथेही समुद्र खवळवतो. त्यामुळे को लिपेची आंतरराष्ट्रीय फेरी साधारण नोव्हेंबरपासून मेपर्यंतच चालते आणि पावसाळ्यात बंद असते. दिवाळीच्या सुट्टीत जाणाऱ्यांना समुद्र बहुधा शांत मिळतो, परंतु एक अडचण उरतेच. याच मार्गावर पुढे लागणारे दक्षिण थायलंडमधील मोठे शहर हाट याई हे पूर्वेकडच्या पावसाच्या पट्ट्यात येते आणि तिथे नोव्हेंबर-डिसेंबर हेच अतिवृष्टीचे महिने असतात. नोव्हेंबर 2025 मध्ये हाट याई शहर पुराच्या पाण्याखाली गेले होते. दोन्ही बाजूंचा विचार केला तर जानेवारीच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंतचा काळ सर्वांत चांगला ठरतो. नाशिकच्या द्राक्ष बागायतदारांना तो हंगामामुळे अशक्य असतो हे खरे. त्यांनी एप्रिलच्या अखेरीस निघावे, मात्र फेरी कोणत्या तारखेपर्यंत चालणार आहे हे बोटीच्या कंपनीला आधी विचारून घ्यावे.

घरून निघण्याआधीची कागदपत्रे

पासपोर्टची मुदत प्रवासाच्या तारखेपासून किमान सहा महिने शिल्लक असावी आणि त्यात काही कोरी पाने असावीत. मुदत संपत आली असेल तर नाशिकच्या पासपोर्ट सेवा केंद्रात नूतनीकरणासाठी वेळेत अर्ज करावा. घरातील ज्येष्ठांचे पासपोर्ट विशेष लक्षपूर्वक पाहावेत. दहावी उत्तीर्ण नसलेल्या व्यक्तींच्या पासपोर्टवर अनेकदा ‘ईसीआर’ अशी नोंद असते, आणि ज्या देशांत नोकरीसाठी जाताना अशा पासपोर्टधारकांना सरकारी परवानगी लागते त्यांच्या यादीत मलेशिया आणि थायलंड दोन्ही आहेत. पर्यटनासाठी ही परवानगी लागत नाही. तरीही मुंबईच्या विमानतळावर चौकशी होऊ शकते. म्हणून परतीचे तिकीट, हॉटेलांची आरक्षणे आणि सोबतच्या कुटुंबीयांचे तपशील छापील स्वरूपात त्या व्यक्तीच्याच हाती द्यावेत.

तीन देशांचे नियम तीन तऱ्हेचे आहेत. सिंगापूरसाठी भारतीयांना आधी व्हिसा काढावा लागतो. तो अधिकृत एजंटमार्फत मिळतो आणि त्याचे सरकारी शुल्क 30 सिंगापूर डॉलर आहे, एजंटचे शुल्क वेगळे. हातात आलेल्या ई-व्हिसावर एकच प्रवेश लिहिला आहे की अनेक, हे नीट वाचावे, कारण परतीचे विमान सिंगापूरहूनच असेल तर दुसऱ्यांदा प्रवेश करावा लागणार असतो. मलेशियाने 1 डिसेंबर 2023 पासून भारतीयांना 30 दिवसांपर्यंत व्हिसाशिवाय प्रवेश दिला आणि ही सवलत पुढे 31 डिसेंबर 2026 पर्यंत वाढवली. थायलंडनेही भारतीय पर्यटकांना व्हिसामाफी दिली आणि 15 जुलै 2024 पासून तिची मुदत 60 दिवसांची केली. परंतु ही मुदत कमी करण्याची चर्चा तिथे वारंवार होत असते. तिकीट काढण्यापूर्वी मुंबईतील थाई महावाणिज्य दूतावासाच्या संकेतस्थळावर त्या दिवशीचा नियम पाहणे हाच खात्रीचा उपाय आहे.

व्हिसा वेगळा आणि आगमनाचा ऑनलाइन अर्ज वेगळा, हे मात्र पक्के लक्षात ठेवावे. तिन्ही देशांना असा अर्ज लागतो आणि तिन्ही ठिकाणी तो पोहोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांतच भरता येतो. सिंगापूरचे एसजी अरायव्हल कार्ड, मलेशियाचे एमडीएसी आणि 1 मे 2025 पासून सुरू झालेले थायलंडचे टीडीएसी हे सगळे अर्ज मोफत आहेत. त्यांच्या नावाने पैसे घेणारी हुबेहूब संकेतस्थळे पुष्कळ आहेत; पैसे मागितले की ते संकेतस्थळ सरकारी नाही असे समजून बाहेर पडावे. तीन दिवसांच्या अटीमुळे हे अर्ज नाशिकला बसून एकदम भरून टाकता येत नाहीत. सिंगापूरचा अर्ज घरून भरावा, मलेशियाचा सिंगापूरच्या मुक्कामी आणि थायलंडचा लंकावीच्या हॉटेलात इंटरनेट चांगले असताना भरावा. थायलंडच्या अर्जात प्रवासाचा प्रकार विचारला जातो. तिथे समुद्रमार्ग निवडावा आणि को लिपेवरच्या हॉटेलचा पत्ता द्यावा.

नावाच्या बाबतीत आपल्याकडे एक खास घोळ होतो. मराठी माणसाच्या पासपोर्टवर स्वतःचे आणि वडिलांचे किंवा पतीचे नाव एका रकान्यात आणि आडनाव दुसऱ्या रकान्यात असते, तर बस किंवा बोटीचे तिकीट काढताना घाईत नुसते नाव आणि आडनाव लिहिले जाते. बसला ते चालून जाते. आंतरराष्ट्रीय फेरीच्या प्रवासी यादीत आणि आगमनाच्या अर्जात मात्र पासपोर्टवर जसे आहे तसेच, अक्षरही न बदलता, पूर्ण नाव लिहावे.

पैशांचे थोडक्यात सांगतो. सिंगापूर डॉलर, मलेशियाचे रिंगिट आणि थाई बात अशी तीन चलने लागतात. बहुतेक रक्कम फॉरेक्स कार्डावर ठेवावी आणि प्रत्येक देशात पहिला दिवस निभावेल इतकी रोकड जवळ असावी. थाई अधिकारी प्रवेशाच्या वेळी माणशी 20,000 बात किंवा कुटुंबामागे 40,000 बात एवढी रक्कम जवळ असल्याचा पुरावा मागू शकतात. प्रत्येकाला ते मागत नाहीत, परंतु मागितल्यावर दाखवता आले पाहिजे. बँकॉकहून मुंबईचे विमान असेल तर त्या तिकिटाची छापील प्रतही सोबत ठेवावी, कारण जमिनीवरून किंवा समुद्रावरून येणाऱ्याला ‘देशाबाहेर कसे जाणार’ हा प्रश्न विमानाने येणाऱ्यापेक्षा अधिक वेळा विचारला जातो.

सामानात काय असू नये

हा भाग मी मुद्दाम सविस्तर लिहीत आहे, कारण इथली चूक पैशांनी भरून निघत नाही. सिंगापुरात खसखस आणण्यास बंदी आहे. तिच्यात मॉर्फिन आणि कोडीन यांचा अल्प अंश असल्याने ती अमली पदार्थांच्या कायद्याखाली येते. आपल्या घरातून दिवाळीच्या सुमारास निघणाऱ्या डब्यात अनारसे असतात आणि अनारशाला खसखस लावलेली असते. सोबत घरचा काळा किंवा गोडा मसाला न्यायचा असेल तर त्यात खसखस घातली आहे का, हे तो करणाऱ्या आईला किंवा सासूबाईंना विचारूनच बांधावा. नातेवाइकांना देण्यासाठी दुसऱ्या कोणी दिलेले पुडकेही उघडून पाहिल्याशिवाय घेऊ नये.

तंबाखू, गुटखा आणि मावा यांच्याबाबतही तेच. चघळण्याचा तंबाखू सिंगापुरात आणणे हा गुन्हा आहे. एक जरी सिगारेट नेली तरी ती जाहीर करून कर भरावा लागतो. ई-सिगारेट सिंगापूर आणि थायलंड या दोन्ही देशांत बेकायदा आहे. च्युइंगगम नेऊ नये. ताजी द्राक्षे, पेरू किंवा कोणतेही फळ घेऊन सीमा ओलांडण्याचा विचार सोडून द्यावा. चिवडा, शेव, लाडू, खाकरे असा कोरडा फराळ पुरे होतो. झोपेच्या गोळ्या, कोडीन असलेले खोकल्याचे औषध किंवा मानसोपचाराची औषधे चालू असतील, तर डॉक्टरांची इंग्रजीतील चिठ्ठी आणि मूळ वेष्टन सोबत हवेच. त्याशिवाय सिंगापूरच्या आरोग्य विज्ञान प्राधिकरणाच्या नियमांनुसार पूर्वपरवानगी लागते का, हेही पाहून घ्यावे. या मार्गाने उलट दिशेने, म्हणजे थायलंडहून दक्षिणेकडे, येणाऱ्यांनी आणखी सावध राहावे. थायलंडमध्ये गांजा दुकानांतून विकला जाताना दिसतो, पण मलेशिया आणि सिंगापुरात अमली पदार्थांच्या तस्करीला मृत्युदंडापर्यंत शिक्षा आहे.

पहिली सीमा: वूडलंड्सचा पूल

नाशिकहून सिंगापूरसाठी मुंबईचे विमानतळ गाठावे लागते. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा 5 जून 2025 रोजी खुला झाल्यापासून कसारा घाट टाळता येतो. तरीही भिवंडी ते ठाणे या पट्ट्यातील कोंडी कायम आहे, म्हणून उड्डाणाच्या वेळेआधी सात तास घर सोडणे शहाणपणाचे. मुंबईहून सिंगापूर साधारण साडेपाच तासांवर आहे आणि तिथले घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे आहे.

सिंगापूर आणि मलेशियातील जोहोर बाहरू या शहरांना जोडणारा बांध, म्हणजेच वूडलंड्सचा पूल, 1924 मध्ये खुला झाला. त्याची लांबी जेमतेम एक किलोमीटर आहे. पण तो ओलांडायला कधी पाऊण तास लागतो तर कधी तीन तास. मलेशियात राहून सिंगापुरात नोकरी करणाऱ्यांची पहाटे एका दिशेने आणि संध्याकाळी दुसऱ्या दिशेने रीघ लागते. शुक्रवारी संध्याकाळी आणि सुट्ट्यांच्या आदल्या दिवशी सिंगापूरहून बाहेर पडणाऱ्यांची गर्दी उसळते. आपण सिंगापूरहून निघणार असल्यामुळे मंगळवार ते गुरुवारपैकी एखादा दिवस निवडून सकाळी दहाच्या सुमारास नाक्यावर पोहोचलो तर ओझे बरेच हलके होते.

मेट्रोने क्रांजी स्थानकावर उतरून 160, 170 किंवा 170एक्स क्रमांकाची बस घेता येते. क्वीन स्ट्रीटहून निघणारी 170 क्रमांकाची बस थेट जोहोर बाहरूच्या लार्किन स्थानकापर्यंत जाते. पुढची पद्धत नवख्या माणसाला गोंधळात टाकते, म्हणून ती क्रमाने सांगतो. बस वूडलंड्स नाक्यावर थांबते आणि सगळे प्रवासी आपापले सर्व सामान घेऊन उतरतात. आसनावर पिशवी ठेवून उतरू नये, कारण ती बस आपल्यासाठी थांबणार नसते. आपली एसटी धाब्यावरून निघण्यापूर्वी वाहक माणसे मोजतो. इथे तसे कोणी मोजत नाही. वर जाऊन सिंगापूर सोडल्याची नोंद करायची, पुन्हा खाली उतरून त्याच क्रमांकाच्या फलाटावर उभे राहायचे आणि त्या क्रमांकाची जी बस पुढे येईल तिच्यात बसायचे. कार्डाने भाडे दिले असेल तर तेच कार्ड पुन्हा टेकवावे. खाजगी बसचे कागदी तिकीट असेल तर ते प्रवास संपेपर्यंत जपून ठेवावे. पूल ओलांडल्यावर बस पुन्हा थांबते आणि पुन्हा सर्व सामानासह उतरावे लागते. आता मलेशियाची खिडकी असते. कुटुंबातील सगळ्यांनी पुढच्या भेटीची जागा आधीच ठरवून घ्यावी, कारण रांगा वेगवेगळ्या होतात आणि गर्दीत फोनचे जाळे बदलत असल्यामुळे संपर्क तुटतो.

सिंगापूर आता परदेशी प्रवाशांच्या पासपोर्टवर शाईचा शिक्का मारत नाही. प्रवेशाची परवानगी ई-मेलने येते. त्यामुळे अर्ज भरताना जो ई-मेल दिला तो फोनवर उघडता आला पाहिजे. मलेशियाच्या खिडकीवरून पुढे सरकण्यापूर्वी मात्र पासपोर्टवर शिक्का उमटला आहे का आणि तारीख बरोबर आहे का, हे जागेवरच पाहून घ्यावे. लंकावीहून बाहेर पडताना याच शिक्क्याची गरज पडणार असते आणि तिथे तो नसल्याचे कळले तर उपाय उरत नाही.

बांधाला पर्याय म्हणून वूडलंड्स ते जोहोर बाहरू अशी पाच मिनिटांची रेल्वेही आहे, पण तिची तिकिटे लवकर संपतात. दोन शहरांना जोडणारी नवी आरटीएस मेट्रो 2026 च्या अखेरीस सुरू करण्याचे नियोजन आहे. तिच्यात दोन्ही देशांच्या खिडक्या निघण्याच्या ठिकाणीच एकत्र असतील, त्यामुळे ज्येष्ठांना घेऊन जाणाऱ्यांनी तिच्याकडे जरूर लक्ष ठेवावे.

जोहोर बाहरूपासून कुआला पर्लिसच्या धक्क्यापर्यंत

लार्किनहून क्वालालंपूरच्या टीबीएस या बसस्थानकापर्यंत चार ते पाच तास लागतात. टीबीएसची रचना विमानतळासारखी आहे: ऑनलाइन काढलेले तिकीट खिडकीवर दाखवून बोर्डिंग पास घ्यावा लागतो आणि मगच फाटकातून खाली फलाटावर सोडतात. बस सुटण्याच्या किमान अर्धा तास आधी पोहोचावे आणि पासपोर्ट हाताशी ठेवावा. क्वालालंपूरमध्ये एक-दोन दिवस थांबून मग उत्तरेकडे निघणे अंगाला सोसते. सलग प्रवास करण्यात मला काही शहाणपण दिसत नाही.

टीबीएसहून कुआला पर्लिसला, म्हणजे लंकावीची फेरी जिथून सुटते त्या बंदराला, रात्रीच्या बस जातात आणि पहाटे पोहोचतात. एका बाजूला दोन आणि दुसऱ्या बाजूला एक अशी रुंद आसने असल्याने झोप चांगली लागते, पण आतला गारवा इतका असतो की शाल किंवा स्वेटर नसेल तर रात्र कठीण जाते. पहाटे धक्क्याजवळ उतरल्यावर चहाची दुकाने उघडी मिळतात. इथे किंवा पुढे कुठेही रोटी चनाई (पापुद्र्यांची रोटी) मागवताना सोबत डाळीचीच आमटी द्या असे स्पष्ट सांगावे, नाहीतर ती माशांच्या किंवा कोंबडीच्या रश्शाबरोबर येऊ शकते. नासी लेमाक हा नारळाच्या दुधातील भात दिसायला शाकाहारी असतो, परंतु त्याच्या चटणीत आणि वरून घातलेल्या तळणीत सुके मासे असतात. थायलंडमध्ये मांस-मासे आणि माशांचा सॉस नको असेल तर ‘जे’ एवढा शब्द उच्चारावा. तिथे त्याने लगेच उमगते.

कुआला पर्लिसहून लंकावीच्या कुआह धक्क्यापर्यंत फेरीबोट सव्वा तास घेते. कुआला केदाह या दुसऱ्या बंदराहून गेल्यास पावणेदोन तास. दोन्ही मलेशियाच्याच हद्दीत असल्यामुळे इथे सीमा नसते, तरी पासपोर्ट दाखवावा लागतो. लंकावी केदाह राज्यात येते आणि केदाहमध्ये साप्ताहिक सुट्टी शुक्रवार-शनिवारी असते, शेजारच्या पर्लिसमध्ये शनिवार-रविवारी. या तिन्ही दिवशी फेरीचे तिकीट आगाऊ काढलेले बरे.

दुसरी सीमा: लंकावी ते को लिपे

लंकावीवर दोन रात्री तरी राहावे, कारण बोट रद्द झाली तर हाताशी एक दिवस असला पाहिजे. तिकीट काढताना बोट कोणत्या धक्क्यावरून सुटते ते पाहावे. काही बोटी बेटाच्या आग्नेयेकडील कुआहहून सुटतात तर काही पश्चिमेकडील तेलागा हार्बरहून, आणि या दोन जागांमध्ये मोटारीने पाऊण तासाचे अंतर आहे. बेटावर ग्रॅब (फोनवरच्या ॲपने मागवायची गाडी) किंवा टॅक्सीनेच फिरावे लागते. सकाळच्या बोटीसाठी गाडी आदल्या रात्री सांगून ठेवावी.

सुटण्याच्या वेळेआधी दीड तास धक्क्यावर हजर राहावे. इथे प्रथम बोटीच्या खिडकीवर नाव नोंदवले जाते, थायलंडच्या टीडीएसीचा क्यूआर कोड पाहिला जातो, मग मलेशियाचे अधिकारी देश सोडल्याचा शिक्का मारतात. त्यानंतर एक अशी गोष्ट घडू शकते जिच्यामुळे नवखा प्रवासी धास्तावतो: बोटीचे कर्मचारी सगळ्यांचे पासपोर्ट गोळा करून एका पिशवीत ठेवतात. या मार्गावर ती रूढ पद्धत आहे आणि घाबरण्याचे कारण नाही. परंतु पासपोर्ट देण्यापूर्वी त्याच्या पहिल्या पानाचा आणि मलेशियाच्या दोन्ही शिक्क्यांचा फोटो फोनमध्ये काढून ठेवावा. पासपोर्टच्या आवरणात पैसे, कार्ड किंवा परतीचे तिकीट ठेवू नये. पासपोर्ट मोकळा द्यावा.

समुद्र शांत असला तर सुमारे दीड तासात को लिपे येते. ज्यांना बोट लागते त्यांनी निघण्याच्या अर्धा-पाऊण तास आधी डॉक्टरांनी सांगितलेली गोळी घ्यावी, हलके खावे आणि बोटीच्या मागच्या बाजूला बसावे; पुढच्या टोकाला हेलकावे सर्वांत जास्त जाणवतात. मोठे सामान एका जागी रचून ठेवतात, म्हणून औषधे, पाणी आणि कागदपत्रांची पिशवी अंगावरच असावी. फोन आणि कागद प्लास्टिकच्या बंद पिशवीत ठेवावेत.

को लिपेला मोठा पक्का धक्का नाही. मोठी बोट खोल पाण्यात थांबते आणि प्रवाशांना तरंगत्या तराफ्यावरून किंवा लांब शेपटीच्या लाकडी होड्यांतून किनाऱ्यावर नेतात. शेवटची चार पावले पाण्यातून टाकावी लागतात, म्हणून गुडघ्यापर्यंत दुमडता येईल असा पायजमा आणि चपला घालाव्यात. साडी नेसणाऱ्या ज्येष्ठ स्त्रियांनी या एका दिवसापुरता सलवार-कमीज घातला तर त्यांनाच सोपे जाईल. चाकांची मोठी बॅग वाळूत अजिबात सरकत नाही. पाठीवरची सॅक या मार्गासाठी कितीतरी सोयीची. किनाऱ्यावरच थायलंडचे इमिग्रेशन कार्यालय आहे. तिथे अधिकारी पासपोर्ट तपासतात आणि एकेकाचे नाव पुकारले जाते. आपल्या नावाचा उच्चार तिथे ओळखू येईलच असे नाही, म्हणून पासपोर्टवरचा आपला फोटो दिसतो का, इकडे लक्ष ठेवावे. पासपोर्ट हातात आला की बाजूला होऊन शिक्क्यावरची प्रवेशाची तारीख आणि राहण्याची शेवटची तारीख वाचावी. चूक असेल तर ती त्याच खिडकीवर, त्याच वेळी दुरुस्त होते. घड्याळही इथेच एक तास मागे घ्यावे, कारण थायलंड मलेशियापेक्षा एक तास मागे आणि आपल्यापेक्षा दीड तास पुढे आहे.

को लिपे हे तारुताओ सागरी राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरात येते. हे उद्यान 1974 मध्ये स्थापन झाले; त्याच्या देखभालीसाठी किनाऱ्यावर थोडे शुल्क घेतले जाते, ते रोख बातमध्ये द्यावे. या बेटावर उराक लावोई या दर्यावर्दी समाजाची जुनी वस्ती आहे. त्यांच्या घरांतून आणि होड्यांजवळून जाताना फोटो काढण्याआधी विचारावे, प्रवाळावर पाय देऊ नये आणि शंख-शिंपले उचलून आणू नयेत. बेट लहान आहे, पाणी आणि कचरा हे तिथले मोठे प्रश्न आहेत, आणि आपण पाहुणे म्हणून वागलो तर तिथल्या माणसांना आपला भार वाटणार नाही.

फेरी बंद असेल तर

पावसाळ्यात किंवा वादळी हवेत समुद्रमार्ग बंद असतो, तेव्हा लंकावीहून कुआला पर्लिसला परतावे आणि टॅक्सीने पाडांग बेसार गाठावे. तिथल्या रेल्वे स्थानकाच्या एकाच इमारतीत मलेशिया सोडण्याची आणि थायलंडमध्ये प्रवेश करण्याची खिडकी आहे, आणि तिथूनच हाट याईकडे दिवसातून दोन लहान गाड्या सुटतात. प्रवास तासाभराचा आहे. टीडीएसी समुद्रमार्गाचे भरले असेल तर निघण्यापूर्वी त्यात बदल करावा. बुकित कायू हिताम आणि सादाओ यांच्यामधून रस्त्यानेही जाता येते, पण सुट्टीच्या दिवशी तिथल्या रांगा फार लांबतात. लहान मुले सोबत असतील तर मी रेल्वेच निवडेन.

को लिपेहून पुढे

को लिपेहून मुख्य भूमीवरील पाक बारा धक्क्यापर्यंत स्पीडबोट दीड-दोन तासांत जाते आणि तिथून हाट याईला व्हॅनने सुमारे दोन तास लागतात. बोट आणि व्हॅनचे तिकीट एकत्र मिळते. स्पीडबोट लाटांवर आपटत जाते, म्हणून पाठीचे किंवा मणक्याचे दुखणे असणाऱ्यांनी आणि गरोदर स्त्रियांनी तिच्यात बसू नये; त्यांच्यासाठी पाडांग बेसारचा मार्गच बरा. विमा काढताना त्यात सागरी प्रवास धरला आहे का, आणि दक्षिण थायलंडचे काही जिल्हे वगळले आहेत का, हे वाचून घ्यावे. याला, पत्तानी आणि नराथिवात हे प्रांत आणि सोंगख्ला प्रांताचे चार जिल्हे अशांत मानले जातात. हाट याई शहर सोंगख्ला प्रांतात असले तरी त्या चार जिल्ह्यांत येत नाही.

हाट याईहून बँकॉकला रात्रीची शयनयान गाडी आहे. तिची खालची बर्थ ज्येष्ठांसाठी हवी असेल तर तिकीट नाशिकहूनच ऑनलाइन काढावे. को लिपेहून निघण्याचा दिवस आणि या गाडीचा दिवस यांच्यामध्ये हाट याईचा एक मुक्काम ठेवावा, म्हणजे समुद्राने एक दिवस अडवले तरी गाडी चुकणार नाही आणि बँकॉकहून मुंबईचे विमानही.